आजोबांची बंदूक कोणाच्या नावावर?

मलकपेटकडून मेट्रोने एल. बी. नगरच्या दिशेने निघाले की दिलसुखनगरच्या आधीचे स्टेशन लागते मुसारामबाग. हे नाव मिशेल रेमंड या फ्रेंच सरदारावरून पडले. निजामाच्या पदरी राहून त्याने तोफा-बंदुका ओतण्याचे कारखाने उभारले. शहरातला गनफाउंड्री हा भाग त्याचीच खूण. १७९५ साली खर्ड्याच्या लढाईत मराठ्यांच्या समोर निजामाच्या बाजूने त्याच्या पलटणी उभ्या होत्या. १७९८ मध्ये तो वारला, आसमानगडच्या टेकडीवर त्याला पुरले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात इंग्रजांनी त्याच्या फौजेला घेरून शस्त्रे खाली ठेवायला लावली. सरकारने शस्त्रे मागावीत आणि लोकांनी ती नाखुशीने द्यावीत, हा प्रकार या शहराला सव्वादोनशे वर्षांपासून ओळखीचा आहे.

आजचे दिलसुखनगर म्हणजे कोचिंग क्लासेसच्या पाट्या, साड्यांची दुकाने, साईबाबांचे मंदिर आणि विजयवाडा रस्त्यावरची अखंड वाहतूक. इथे बंदुकीचा विषय निघायचे तसे कारण नाही. पण या भागात आणि काचीगुडा, सुलतान बाजारसारख्या जुन्या वस्त्यांत मराठी घरे आहेत, आणि त्यांतल्या अनेकांचे मूळ नांदेड, परभणी, बीडकडचे. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि पुढे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचाच भाग राहिला. शिक्षण, नोकरी, कोर्टकचेरी सगळे हैदराबादेत. गावाकडे देशमुखी, पाटीलकी किंवा मोठी जमीन असलेल्या घरात एखादी दुनळी असायची. रानडुकरांसाठी, दरोडेखोरांच्या धाकासाठी, आणि खरे सांगायचे तर शिकारीच्या हौसेसाठी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार संपत गेली, बंदूक मात्र राहिली. दरवर्षी खंडेनवमीला तिला हळदकुंकू लागते आणि ती परत कपड्यात गुंडाळली जाते. मग एक दिवस आजोबा जातात, वाडा विकायला निघतो, आणि दिलसुखनगरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या नातवाला फोन येतो: ‘बंदुकीचं काय करायचं?’

या प्रश्नाचे घरोघरी मिळणारे उत्तर बहुतेकदा चुकीचे असते. ‘आजोबांचा परवाना आहे ना, मग काय अडचण?’ अडचण अशी की परवाना आजोबांबरोबर गेला. बंदूक ही वस्तू वारसाहक्काने पुढे येते, ती जवळ बाळगण्याची परवानगी येत नाही. वडिलांची मोटार मुलाला मिळते, वडिलांचे ड्रायव्हिंग लायसन्स मिळत नाही, हे सगळ्यांना कळते. फरक एवढाच की लायसन्स नसलेल्या माणसाला मोटार अंगणात उभी ठेवता येते. परवाना नसलेल्याला बंदूक ट्रंकेत ठेवता येत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ चे कलम ३ चालवण्याबद्दल बोलत नाही, बाळगण्याबद्दल बोलते. गोळी झाडली की नाही, बंदूक चालू आहे की गंजलेली, याचा त्या कलमाशी संबंध नाही. आणि काडतुसांनाही तेच लागू. ट्रंकेच्या तळाशी सापडलेली चार जुनी काडतुसे हा बंदुकीहून वेगळा, स्वतंत्र प्रश्न आहे, आणि बंदूक जमा करून काडतुसे खणात विसरणारे लोक असतात.

हा कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याआधीचा १८७८ चा कायदा लॉर्ड लिटनच्या काळातला. हिंदी लोकांना नि:शस्त्र करणारा म्हणून तो बदनाम होता आणि त्याविरुद्ध काँग्रेसने वर्षानुवर्षे ठराव केले. १९३१ च्या कराची अधिवेशनातल्या मूलभूत हक्कांच्या ठरावात तर नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याच्या हक्काचाही उल्लेख होता. पण संविधान सभेत डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी हा हक्क मूलभूत हक्कांत घालण्याची दुरुस्ती मांडली तेव्हा डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही आणि ती बारगळली. सर्वोच्च न्यायालयानेही २०२३ मध्ये एका जामीन प्रकरणात अमेरिकेशी तुलना करत हेच बोलून दाखवले: विनापरवाना शस्त्र बाळगण्याचा कोणताही मूलभूत हक्क भारतात नाही. तेव्हा ‘घराण्याची बंदूक आहे’ हे वाक्य भावनेच्या दरबारात चालते, परवाना शाखेत त्याची किंमत वेगळ्या रीतीने मोजली जाते. ती कशी, ते पुढे येईल.

आधी त्या ट्रंकेकडे वळू.

समजा, आजोबांनी बंदूक आहे हे कोणाला सांगितलेच नव्हते. वाडा रिकामा करताना माळ्यावर लाकडी पेटीत, तेलकट फडक्यात गुंडाळलेली ती सापडली. त्या क्षणापर्यंत घरातल्या माणसाने गुन्हा केला का? याचे उत्तर न्यायालयांनी ‘ताबा’ या कल्पनेच्या अर्थातून दिले आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ च्या गुणवंतलाल प्रकरणात आणि पुढे १९९४ च्या संजय दत्त प्रकरणात सांगितले की शस्त्राचा ताबा म्हणजे नुसते ते घरात असणे नव्हे; त्याची जाणीव हवी आणि त्यावर नियंत्रण हवे. माळ्यावर काय आहे हे ज्याला माहीतच नाही त्याला जाणीवपूर्वक ताबा नाही. पण याची दुसरी बाजू लोक विसरतात. पेटी उघडली, फडके सोडले, नळीवर हात फिरवला, की जाणीव आली. पेटीची किल्ली खिशात असली की नियंत्रणही आले, मग तुम्ही दिलसुखनगरला असा आणि पेटी नांदेडजवळच्या गावात असो. त्या दिवसापासून घड्याळ चालू होते. ‘दिवाळीला सगळे भाऊ जमले की ठरवू’ हा घरच्या कामांसाठी उत्तम बेत आहे, बंदुकीसाठी नाही.

शिक्षा किरकोळ नाही. विनापरवाना साधी बंदूक बाळगण्याला पूर्वी एक ते तीन वर्षे कैद होती. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने ती दोन ते पाच वर्षे आणि दंड अशी झाली. निषिद्ध शस्त्र असेल तर सात वर्षांपासून चौदा वर्षांपर्यंत. दिलासा देणारी एक तरतूद आहे: कलम ३ च्या भंगासाठी खटला भरायला जिल्हादंडाधिकाऱ्याची पूर्वमंजुरी लागते. म्हणजे स्वतःहून, लेखी अर्जासह, मृत्यूचा दाखला घेऊन ठाण्यात आलेला वारस आणि छाप्यात सापडलेला माणूस यांत फरक करायला कायद्याने एक दार ठेवले आहे. ते आपोआप उघडत नाही. म्हणून कागद नसलेली बंदूक घेऊन थेट ठाण्यात शिरण्याआधी वकिलाकडून अर्ज तयार करून घ्यावा आणि त्याची पोच घ्यावी, हे माझे मत. ठाण्यातल्या हवालदाराच्या समजूतदारपणावर कुणी भिस्त ठेवू नये. तो समजूतदार असतोही, पण नोंद कागदाची होते.

कलम २१ ची भाषा साधी आहे. परवान्याची मुदत संपल्याने, तो रद्द झाल्याने किंवा अन्य कारणाने ज्याचा ताबा कायदेशीर राहिला नाही, त्याने विनाकारण उशीर न करता शस्त्र जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावे. ‘जवळच्या’ म्हणजे बंदूक जिथे आहे तिथल्या. अनेकजण इथे भलतेच साहस करतात. नांदेडहून देगलूरमार्गे गाडीच्या डिकीत बंदूक टाकून हैदराबादला आणायची, ‘आपल्या’ ठाण्यात जमा करू म्हणून. राज्याची सीमा ओलांडताना तपासणी झाली तर तुमच्या मनातला चांगला हेतू पंचनाम्यात लिहिला जात नाही. बंदूक गावाकडेच जमा करावी, पावती दिलसुखनगरला आणावी. पावतीवर बनावट, बोअर आणि नंबर नीट लिहिला आहे का, हे तिथेच उभे राहून वाचावे. मालखान्यात एकसारख्या दिसणाऱ्या बंदुका बऱ्याच असतात.

तो नंबर हा सगळ्या प्रकरणाचा कणा आहे. दुनळीच्या नळीवर किंवा चापाजवळच्या पत्र्यावर बनवणाऱ्याचे नाव, आकडे आणि तपासणीचे शिक्के कोरलेले असतात. पंधरा-वीस वर्षे पडून राहिलेली बंदूक जमा करण्याआधी ‘जरा स्वच्छ’ करावी म्हणून कुणी पॉलिश पेपर घेऊन बसते आणि नंबरच पुसट करून टाकते. कलम ८ प्रमाणे ओळखचिन्ह खोडणे किंवा बदलणे हा वेगळा गुन्हा आहे, आणि तशी बंदूक विकताही येत नाही. गंज राहू द्यावा. नळी कापून छोटी करणे, तुटलेला दस्ता काढून नुसती नळी भिंतीला लावणे, हेही उपाय नव्हेत. बंदुकीचे भागही कायद्याच्या व्याख्येत बसतात, आणि नळी आखूड करायला स्वतंत्र परवानगी लागते.

आता त्या ‘घराण्याच्या बंदुकी’ची किंमत. एरवी नवा परवाना मागणाऱ्याला आपल्या जिवाला धोका का आहे, शेतीचे नुकसान कसे होते किंवा आपण नेमबाज कसे आहोत, हे पटवून द्यावे लागते. शहरातल्या नोकरदाराला ते सहसा जमत नाही. वारसाचे तसे नाही. शस्त्र नियम, २०१६ मध्ये वारसांसाठी स्वतंत्र नियम आहे, क्रमांक २५. परवानाधारक वारल्यावर त्याच्या कायदेशीर वारसाला परवाना देता येतो. आणि तो हयात असतानाही देता येतो: परवानाधारकाने वयाची सत्तर वर्षे पूर्ण केली असतील किंवा पंचवीस वर्षे ती बंदूक बाळगली असेल, यांपैकी जे आधी होईल तेव्हा, त्याने नेमलेल्या वारसाच्या नावाने. अर्थात वारस पात्र हवा आणि पोलीस अहवालात त्याच्याविरुद्ध काही नको. वारसाहक्क आहे म्हणून परवाना मिळालाच पाहिजे असा मात्र अर्थ नाही. नियमाचा शब्द ‘देता येईल’ असा आहे, ‘द्यावा’ असा नाही.

हयातीतल्या बदलीचा हा मार्ग माझ्या मते सगळ्यांत शहाणपणाचा आणि सगळ्यांत कमी वापरला जाणारा. कारण उघड आहे. बाहत्तर वर्षांच्या वडिलांना ‘बाबा, बंदूक आता ताईच्या नावावर करू या’ असे म्हणणे म्हणजे त्यांच्या मरणाची गोष्ट काढणे असे घरात वाटते. पण बाबा असताना जे काम त्यांच्या सहीने होते, तेच बाबा गेल्यावर मृत्यूचा दाखला, वारसांचा दाखला, प्रत्येक भावंडाचे नाहरकत प्रतिज्ञापत्र आणि वर हमीपत्र यांवर अवलंबून राहते. शिवाय बाबांच्या परवान्याचे नूतनीकरण चुकले, स्मृती ढासळली, तर मधल्या काळात ती बंदूक बेकायदा ताब्यात जाते आणि घरातल्या कुणाच्या लक्षातही येत नाही. विस्मरणाचा आजार सुरू झालेल्या माणसाच्या कपाटात काडतुसांसह बंदूक असणे हा तर कायद्याच्याही आधीचा प्रश्न आहे.

भावंडांच्या नाहरकतीत बरेच अर्ज अडकतात. हिंदू उत्तराधिकार कायद्याने विधवा, मुलगे, मुली आणि आई हे पहिल्या वर्गाचे वारस. बंदूक ही जंगम मालमत्ता असल्याने तिच्या किमतीत सगळ्यांचा वाटा. पण परवाना एकाच्या नावाने निघणार आणि बंदूक त्याच्याच ताब्यात राहणार. पुण्यातली बहीण सही देते, न्यू जर्सीतला भाऊ वकिलातीत जाऊन प्रतिज्ञापत्र करायला महिने लावतो, आणि ज्याने गेल्या दहा वर्षांत आजोबांकडे ढुंकूनही पाहिले नाही तो चुलतभाऊ नेमका याच वेळी ‘माझाही हक्क आहे’ म्हणतो. मृत्युपत्रात बंदूक कोणाला दिली हे लिहिले असेल तर मालकीचा वाद मिटायला मदत होते. परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला मात्र ते बांधील करत नाही. मृत्युपत्रात नाव असलेल्या नातवावर फौजदारी प्रकरण असेल, तो एकवीस वर्षांखालील असेल किंवा डॉक्टरांचा दाखला त्याच्या बाजूने नसेल तर बंदूक त्याच्या मालकीची राहील, ताब्यात येणार नाही. अशा वेळी ती जमाच ठेवून दुसऱ्या पात्र वारसाने अर्ज करावा, किंवा ती विकून पैसे वाटून घ्यावेत.

अर्ज कुठे करायचा, हा दिलसुखनगरकरांसाठी सोपा दिसणारा पण थोडा फसवा मुद्दा. जिल्ह्यात परवाना जिल्हाधिकारी देतात. पोलीस आयुक्तालय असलेल्या भागात आयुक्त. गावाकडचा परवाना नांदेडच्या जिल्हाधिकाऱ्यांनी दिलेला असला तरी वारसाने आपण जिथे राहतो तिथल्या अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. पण दिलसुखनगरची वस्ती एका आयुक्तालयाच्या रेषेत सरळ बसलेली नाही. मलकपेटच्या बाजूचा भाग हैदराबाद शहर पोलिसांकडे, तर चैतन्यपुरी-सरूरनगरचा भाग आधी सायबराबादकडे आणि २०१६ मध्ये ते विभागल्यावर राचकोंडा आयुक्तालयाकडे गेला होता. या सीमा बदलत असतात, म्हणून घराच्या पत्त्याचे ठाणे कोणते आणि ते आज कोणत्या आयुक्तांच्या हाताखाली येते हे आधी विचारून घ्यावे. एका रस्त्याच्या फरकाने फाइल चुकीच्या कचेरीत पडून राहते. परवानाधारक स्वतःच बंदुकीसह दुसऱ्या गावी राहायला गेला असेल तर तीस दिवसांत नव्या ठिकाणच्या अधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक आहे. नोकरीच्या बदल्या झालेल्या अनेक मराठी कुटुंबांनी ते कधी केलेच नाही, असे मला खात्रीने वाटते.

फाइलमध्ये काय काय लागते? आजोबांचा मूळ परवाना, मृत्यूचा दाखला, वारसांचा दाखला, इतरांची नाहरकत, बंदूक जमा केल्याची पावती, अर्जदाराची ओळख आणि पत्त्याचे पुरावे, शारीरिक व मानसिक आरोग्याचा वैद्यकीय दाखला, शस्त्र हाताळणीचे प्रशिक्षण घेतल्याचे प्रमाणपत्र, आणि बंदूक सुरक्षित ठेवण्याची हमी. पोलीस अहवालासाठी नियमांत तीस दिवस आहेत, अहवाल आल्यावर निर्णयासाठी साठ. प्रत्यक्षात किती लागतात हे कचेरीवर आणि अर्जदाराच्या चिकाटीवर. दोन राज्यांच्या कचेऱ्यांनी एकमेकांना पत्रे पाठवून खातरजमा करायची असेल तर चिकाटी जास्त हवी. अर्ज नाकारला तर कारणे लेखी मागता येतात आणि वर अपील करता येते. प्रत्येक परवान्याला आता राष्ट्रीय नोंदवहीतला विशिष्ट ओळख क्रमांक असतो. आजोबांच्या जुन्या पुस्तिकेवर तो नसेल तर तो परवाना त्यांच्या हयातीतच निष्प्रभ झालेला असू शकतो. तरी ती पुस्तिका फेकू नये. बंदूक कधी, कोणाकडून, कायदेशीरपणे घेतली गेली याचा सगळ्यांत भक्कम पुरावा तीच. निजामाच्या काळातले उर्दू कागद असतील तर तेही जपावेत आणि त्यांचे प्रमाणित भाषांतर करून घ्यावे. ते इतिहास सांगतात. आजची परवानगी त्यांतून निघत नाही.

दोन गोष्टी अर्जाआधीच तपासून पाहाव्यात. पहिली, संख्या. पूर्वी एका माणसाला तीन बंदुका ठेवता येत. २०१९ च्या दुरुस्तीने दोन केल्या. सरकारने आणलेल्या मूळ विधेयकात तर एकच होती, खासदारांच्या विरोधानंतर ती दोनवर आली. वारसाहक्काने येणाऱ्या बंदुकीलाही ही मर्यादा लागू आहे, हे कायद्यात स्पष्ट लिहिले आहे. तुमच्याकडे आधीच दोन असतील तर आजोबांची तिसरी दुसऱ्या वारसाने घ्यावी. याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे केली आणि लग्न-वरातीत हवेत बार काढणाऱ्यांसाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड असे कलम घातले. दसऱ्याच्या पूजेनंतर अंगणात एक बार काढायची काही घरांतली प्रथा आता त्या कलमाच्या फार जवळून जाते.

दुसरी, बोअर. बारा बोअरची दुनळी किंवा एकनळी, वीस इंचांहून लांब नळीची, हा सर्वांत सोपा प्रकार. कायदाही तिच्याकडे जरा सौम्यपणे पाहतो. कोकणात शेतीसंरक्षणासाठी अजूनही परवान्यावर असलेल्या ठासणीच्या बंदुकांचेही तसेच. पण पेटीतून .३०३ सारखी लष्करी बोअरची रायफल निघाली तर गोष्ट बदलते. ती निषिद्ध बोअरमध्ये मोडते आणि परवान्याचा विषय केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातो. ‘आजोबा रझाकारांच्या काळात सीमेवरच्या कॅम्पमध्ये होते, तिथली आहे’ अशी कथा अशा रायफलींबरोबर सांगितली जात असेल तर ती खरीही असेल आणि तिचा अभिमानही रास्त. अशी रायफल घरी ठेवण्याचा विचारही करू नये. आधी वकील, मग ठाणे.

आता सगळ्यांत जास्त पसरलेला गैरसमज: ‘शंभर वर्षांपूर्वीची आहे, तिला परवाना लागत नाही.’ कलम ४५ मध्ये सूट आहे खरी. कालबाह्य बनावटीच्या, पुरातन मूल्याच्या किंवा मोडक्या शस्त्रांना कायदा लागू नाही, असे तिथे म्हटले आहे, पण पुढची अट वाचायची राहते: जे दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही असे शस्त्र. म्हणजे निकष वयाचा नाही, क्षमतेचा आहे. घोडा तुटला आहे, चाप अडकतो, दस्त्याला वाळवी लागली आहे, ही सगळी दुरुस्तीची कामे आहेत. नळी आरपार फुटलेली किंवा आतून गंजाने संपलेली असेल तर गोष्ट वेगळी. आणि तेही तुम्ही किंवा गल्लीतला लोहार ठरवत नाही, शस्त्रांची जाण असलेला सरकारी तपासनीस ठरवतो. फेब्रुवारी २०२० मध्ये नियम बदलून ‘क्युरिओ’ वर्गातल्या काही जुन्या लहान शस्त्रांना नुसते बाळगण्यासाठी परवाना लागणार नाही अशी मोकळीक दिली. ती शस्त्रे वापरायला, नेण्या-आणायला आणि त्यांच्यासाठी दारूगोळा घ्यायला परवाना लागतोच. तोड्याच्या किंवा चकमकीच्या बंदुकीला हा वर्ग लागू शकतो, आजोबांच्या बारा बोअरला सहसा नाही. आपली वस्तू त्यात बसते की नाही हे परवाना शाखेकडून लेखी घेतलेले बरे.

इंग्लंड-अमेरिकेत पाहिले तर तिथे तारखेला वजन आहे. अमेरिकेच्या संघराज्य कायद्यात १८९८ पर्यंत बनलेली बंदूक ‘अँटिक’. ब्रिटनने २०२१ मध्ये नियम कडक करताना १ सप्टेंबर १९३९ ही सीमा घातली आणि शिवाय कोणत्या बोअरच्या बंदुका चालतील याची यादीच दिली. न्यू जर्सीतला भाऊ इंटरनेटवर त्याच्या इथले नियम वाचून फोनवर ठामपणे सांगतो, ‘अँटिक आहे, मी घेऊन जातो.’ घेऊन जाता येत नाही. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकते आणि तिची खासगी निर्यात बंद आहे. त्याहून नवी असेल तर ती शस्त्र म्हणून निर्यातीच्या परवानगीत अडकते. भारतातच सवलत पाहायची तर कर्नाटकातल्या कोडगूकडे पाहावे. तिथल्या कोडव आणि जम्मा जमीनधारकांना कलम ४१ खाली परवान्यापासून सूट आहे. केंद्राने २०१९ मध्ये ती आणखी दहा वर्षांसाठी वाढवली आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तिच्यावर शिक्कामोर्तब केले. मराठवाड्यातल्या जुन्या वतनदारांना तशी सूट नाही.

ठेवायचीच नसेल तर विकता येते. परवानाधारक विक्रेत्याकडे, किंवा थेट अशा माणसाला ज्याच्या परवान्यावर ती घेण्याची परवानगी आहे. थेट विक्रीत कायदा सांगतो की आधी जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला खरेदीदाराच्या नावपत्त्यासह लेखी कळवा आणि पंचेचाळीस दिवस थांबा. मेव्हण्याला ‘तुझ्याकडे परवाना आहे ना, घे’ म्हणून हातात दिलेली बंदूक म्हणजे दोघांचाही गुन्हा, प्रेमाने केलेला असला तरी. सुंदर कोरीव कामाची किंवा ऐतिहासिक वस्तू असेल तर संग्रहालयाशी बोलून पाहावे. हैदराबादच्या सालारजंगमध्ये आणि पुण्याच्या केळकर संग्रहालयात शस्त्रांचे संग्रह आहेत. मात्र कुठलेही संग्रहालय कागद नसलेली बंदूक दारात स्वीकारणार नाही.

निवडणुका आल्या की आणखी एक प्रश्न निघतो: परवानाधारकाने सरसकट बंदूक जमा करावी का? गोव्यातून मुंबई उच्च न्यायालयात गेलेल्या प्रकरणानंतर निवडणूक आयोगाने त्यासाठी छाननी समितीची पद्धत आणली. कोणाचे शस्त्र जमा करून घ्यायचे हे समितीने पाहून ठरवायचे, सर्वांना एका रांगेत उभे करायचे नाही. तरी नोटीस आली की जमा करावी आणि हरकत नंतर घ्यावी. निवडणूक संपल्यावर परत आणायला विसरणारे मात्र पुष्कळ.

आणि परत आणायला विसरण्याची किंमत असते. ठाण्यात जमा केलेली बंदूक अनंत काळ तिथे राहत नाही. ठरलेल्या मुदतीत मूळ जमा करणारा, किंवा तो वारला असेल तर त्याचा कायदेशीर वारस, परवाना दाखवून ती परत मागू शकतो किंवा विकायला सांगू शकतो. मुदत उलटली की ती सरकारजमा करता येते. त्याआधी नोटीस काढून तीस दिवसांत म्हणणे मांडायची संधी द्यावी लागते, पण ती नोटीस पावतीवरच्या पत्त्यावर जाते. मलकपेटच्या भाड्याच्या खोलीतून दिलसुखनगरला, तिथून वनस्थलीपुरमच्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये गेलेल्या कुटुंबाला ती मिळणार कशी? पावती ज्या फाइलीत आहे त्याच फाइलीत, पत्ता बदलल्याचे ठाण्याला दिलेले पत्र आणि त्याची पोच असायला हवी.